घरी बसून काम: सिन्नरच्या विडीपासून अंबडच्या एचआरपर्यंत

सध्या नाशकातल्या कुठल्याही एचआरवाल्याशी बोला, विषय फिरून तिथंच येतो, किती दिवस ऑफिस, किती दिवस घर, आणि हे ठरवायचं कोणी. बोलण्याचा सूर असा की हे सगळं झेंगट कोरोनाने आणलं, आधी असलं काही नव्हतंच. निदान आपल्या जिल्ह्यात तरी हे खरं नाही.

सिन्नरला बायका घरी बसून विड्या वळत आल्यात त्याला पिढ्या झाल्या. ठेकेदाराकडून तेंदूपान, तंबाखू, सूत आणायचं, घरचं सगळं सांभाळत विड्या वळायच्या आणि हजाराच्या हिशोबाने नेऊन द्यायच्या. येवल्यात पैठणीचा माग घरातच असतो, तिथं तर घर कुठं संपतं आणि कामाची जागा कुठं सुरू होते ते सांगता येत नाही. पण मला विडीचं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावर कायदा झाला. १९६६चा विडी आणि सिगार कामगार कायदा (२०२५मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला) सरळ म्हणायचा की मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिला आणि बाईने घरी बसून विडी वळली तर तीही कामगारच. आणि भांडणं कशावरून होणार हेही त्यात आधीच ओळखून लिहिलं होतं, माल किती दिला, वळलेल्या विड्यांपैकी किती छाट म्हणजे नापास म्हणून काढल्या, आणि छाटेचे पैसे मिळणार की नाही. आता मालाच्या जागी लॅपटॉप-नेट आणि छाटेच्या जागी अप्रेझलचं, म्हणजे वर्षभराच्या कामाचं, रेटिंग ठेवा, आजच्या एचआरच्या मेलबॉक्समधल्या निम्म्या तक्रारी इथंच सापडतील.

पुढे १९७७मध्ये पीएफ विडी उद्योगाला लागू झाला आणि मालकांनी म्हणायला सुरुवात केली की घरी काम करणारी बाई आमची नोकर कशी, तिच्यावर आमचा कंट्रोलच नाही, कधी बसते कधी उठते आम्हाला काय माहीत. हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. १९८५मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स या विडीवाल्यांच्या केसमध्ये कोर्टाने सांगितलं की तयार विडी नापास करायचा हक्क तुमच्याकडे आहे ना, मग देखरेख आणि कंट्रोलसाठी तेवढं पुरे, पीएफ भरा. समोर दिसत नाही तर काम करतोय हे कळणार कसं, हा प्रश्न २०२०मध्ये सगळ्यांनी नव्याने विचारला, त्याचं बरंचसं उत्तर पस्तीस वर्षं आधीच देऊन झालं होतं. अर्थात विडीचं गुणगान गायची गरज नाही. छाट मुद्दाम जास्त काढून मजुरी कापणं, कामाच्या तासांना धरबंद नसणं, सगळं घर त्यात जुंपलेलं असणं हे सगळं त्याच व्यवस्थेत होतं.

मग आपला एचआर हजेरीवर एवढा का अडतो? कारण इथला एचआर मुळात टाइम ऑफिसातून, म्हणजे हजेरी-शिफ्टची नोंद ठेवणाऱ्या खात्यातून वर आलाय. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५चा, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना १९६४चा, शिवाय सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या कारखान्यांच्या वसाहती. भोंगा, पंचिंग, तीन शिफ्ट, कंपनीची बस, गेटपास. नोटा काय कोणी घरी छापणार नाही आणि विमानही अंगणात जुळवता येत नाही, त्यामुळे तिथं माणूस गेटच्या आत असणं म्हणजेच काम, हे बरोबरच होतं. घोळ तेव्हा झाला जेव्हा तोच मस्टर डिझाइन, अकाउंट्स, परचेसलाही लागला आणि कोणी विचारलंच नाही की यांना कशाला.

तिकडे अमेरिकेत १९७३च्या तेलटंचाईच्या काळात जॅक निलेस नावाचे इंजिनियर म्हणत होते की माणसं गाडीने कामावर नेण्यापेक्षा काम फोनच्या तारेने माणसांकडे पाठवा. आयबीएमने हे मोठ्या प्रमाणावर केलं आणि २०१७मध्ये बऱ्याच लोकांना परत ऑफिसात बोलावलं, याहूने तर २०१३मध्येच बोलावलं होतं. म्हणजे जा-ये तिकडेही चालूच आहे, अ‍ॅमेझॉनने २०२५च्या जानेवारीपासून पाच दिवस ऑफिस केलं म्हणून आपल्याकडे लगेच तसं सर्क्युलर काढायची घाई नको.

भारतात बीपीओला, म्हणजे कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना, २०२०पर्यंत घरून काम देणं जवळपास अशक्यच होतं आणि ते मॅनेजरच्या हट्टामुळे नाही, तर दूरसंचार खात्याच्या अटींमुळे, नोंदणी काय, अनामत काय, सुरक्षित लाइन काय. १३ मार्च २०२०ला त्या अटी तात्पुरत्या ढिल्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये बऱ्याचशा कायमच्या गेल्या. एसईझेडमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) कंपन्यांसाठी घरून कामाचा वेगळा नियम यायला २०२२चा जुलै उजाडला. टीसीएसने २०२०मध्ये जाहीर केलं की २०२५पर्यंत २५ टक्केच लोक ऑफिसात लागतील आणि २०२३च्या ऑक्टोबरपासून सगळ्यांना पाचही दिवस बोलावलं. यावर काय बोलणार.

लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या हिंजवडीतली आयटीची पोरं नाशकातल्या सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याच्या घरी परत आली. पुण्याचं भाडं वाचलं, आईच्या हातचं जेवण मिळालं, आणि बऱ्याच जणांच्या लक्षात आलं की पुण्याचा पगार नाशकात बसून मिळू शकतो. त्याच वेळी अंबडमध्ये कारखाने परवानगी काढून पुन्हा सुरू झाले तेव्हा ऑपरेटर मास्क लावून मशीनवर उभा होता. एकाच गेटमधून आत जाणाऱ्या दोन माणसांना दोन वेगळे नियम, आणि हायब्रिडमधली, म्हणजे थोडे दिवस ऑफिस थोडे दिवस घर यातली, खरी अडचण नाशकात ही आहे. बेंगळुरूच्या सेमिनारमध्ये याबद्दल फारसं कोणी बोलत नाही कारण तिथं सगळेच लॅपटॉपवाले. इथं डिझाइनवाल्याला आठवड्यातून दोन दिवस घर दिलं की युनियन विचारणार, आम्हाला काय? आणि तो प्रश्न चुकीचा नाही. त्यांना घर देता येत नाही पण शिफ्ट बदलून घ्यायची सोय, रोटेशन आधी कळणं, बसची वेळ हे देता येतं, ते द्या.

दोन दिवस घर या पद्धतीबद्दल एक चांगला पुरावा आहे. चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास बुकिंगच्या कंपनीने १,६१२ लोकांवर प्रयोग केला, २०२४मध्ये तो छापून आला. कामगिरीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. प्रयोगाआधी तिथल्या मॅनेजरांनाही वाटत होतं की काम घसरेल, नंतर त्यांचंच मत बदललं. ते मात्र कॉलेज शिकलेले ऑफिसवाले होते, शॉप फ्लोअरला, म्हणजे मशीनवरच्या कामगारांना, तो आकडा लावू नका.

कायदाही हळूहळू घरात शिरलाय. २०१७च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर परस्पर संमतीने घरून काम करता येतं. २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही आहे, त्यामुळे रात्री अकराच्या व्हिडिओ कॉलवर कोणी काही बरळलं तर ते घरात घडलं म्हणून सुटत नाही. हे किती पॉलिसींमध्ये लिहिलेलं असतं ते आपापलं तपासा.

माझं मत असं की दिवस मोजत बसणं हा टाइम ऑफिसचा वारसा आहे आणि त्यापेक्षा छाटेचा नियम आधी लिहावा. कुठलं काम पास, कुठलं नापास, ते ठरवणार कोण, नापास केलं तर दाद कुठे मागायची, लाइट-नेटचा खर्च कोणाचा. हे कागदावर आलं की घर दोन दिवस की तीन यावरचं भांडण पुष्कळ शांत होतं.

आणि २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या, म्हणजे कुंभमेळ्यातले मुख्य स्नानाचे दिवस, आहेत. २०१५ला पहिल्या पर्वणीला बॅरिकेडिंगने शहरातली जा-ये कशी अडली होती ते नाशिककरांना आठवत असेल. पर्वणीच्या दिवशी ऑफिसवाल्यांना घरून काम करा असा मेल पाठवायला दोन मिनिटं लागतील. कॉन्ट्रॅक्टवरच्या ऑपरेटरचा मात्र दिवस बुडाला की पैसे बुडतात, त्याची हजेरी कशी लावायची, भरपगारी की नंतर भरून घ्यायची, हे आतापासून युनियन आणि ठेकेदाराला समोर बसवून ठरवावं लागेल.