फिर्यादीला ‘वाटलेला’ वंश

१९८४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका कॉलेज विद्यार्थिनीवर रात्री घरात घुसून बलात्कार झाला. त्या अवस्थेतही ती हल्लेखोराचा चेहरा निरखत राहिली. वाचलो, तर हा पकडला गेला पाहिजे, म्हणून. ती गोरी, तो काळा. पुढे आधी फोटोंतून आणि मग ओळख परेडमध्ये तिने एकाच माणसाकडे बोट दाखवलं. १९८७च्या फेरखटल्यात खरा गुन्हेगार कोर्टात तिच्यासमोर आणला गेला, तेव्हा ‘याला मी कधीच पाहिलेलं नाही’ असं तिने सांगितलं. १९९५मध्ये डीएनए चाचणीने सत्य बाहेर आलं. तोवर निर्दोष माणसाची दहा वर्षं तुरुंगात गेली होती.

ती खोटं बोलत नव्हती, आणि तिला दोष देणं हा तिच्यावर दुसरा अन्याय ठरेल.

फिर्यादीच्या तोंडून बहुधा आधी येतं ते ‘काळा होता’, ‘गोरा होता’, ‘बाहेरचा वाटला’. आपल्या वंशाच्या माणसाच्या भुवया, जबडा, डोळ्यांतलं अंतर मन आपसूक टिपतं. परक्या चेहऱ्यावर मात्र ते ‘कोणापैकी’ एवढं नोंदवून तिथंच थांबतं. मायस्नर आणि ब्रिगम या मानसशास्त्रज्ञांनी २००१मध्ये ३९ संशोधनांचे निष्कर्ष एकत्र तपासले. परक्या वंशाचा न पाहिलेला चेहरा ‘पाहिलाय’ म्हणण्याची शक्यता आपल्या वंशाच्या चेहऱ्याच्या तुलनेत सुमारे दीडपट निघाली. याचं मूळ निव्वळ द्वेषात शोधता येत नाही. लहानपणी फ्रेंच घरांत दत्तक गेलेले कोरियन मोठेपणी युरोपीय चेहरेच जास्त चांगले ओळखत होते. डोळ्यांना सवय कोणत्या चेहऱ्यांची, यावर बरंच अवलंबून असतं.

अमेरिकेत दरवर्षी होणाऱ्या गुन्हेपीडितांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही गुन्हेगाराचा वंश विचारतात, पण तो पीडिताला ‘वाटलेला’ वंश म्हणूनच नोंदला जातो. कोणत्या वंशाचे लोक जास्त गुन्हे करतात, या वादावादीत हेच आकडे फेकले जातात तेव्हा तो ‘वाटलेला’ गळून पडतो, याची मला खरोखर चीड येते.

उपाय साधे आहेत. संशयित कोण हे माहीत नसलेल्या अधिकाऱ्यानेच परेड घ्यावी. ‘गुन्हेगार यांत नसेलही’ हे आधी सांगावं. किती खात्री आहे, ते फिर्यादीच्याच शब्दांत तिथल्या तिथं लिहून घ्यावं. त्या विद्यार्थिनीला परेड संपताच पोलिसांनी सांगितलं होतं, फोटोत निवडलास तोच हा. त्यानंतर त्या रात्रीच्या आठवणीत तिला त्याचाच चेहरा दिसू लागला.