नैराश्य ओसरल्यावरही स्मरणशक्ती का अडखळते?

नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ओळखीचे नाव आठवेनासे झाले किंवा एकच पान दोनदा वाचावे लागले, की घरचे लोक गोळ्यांना दोष देतात. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण ती स्मरणासाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या मेंदूतील रसायनाच्या कामात अडथळा आणतात. परंतु एकाग्रता ढळणे आणि निर्णय न सुचणे ही मूळ आजाराचीच लक्षणे असून, मन सावरल्यानंतरही काही रुग्णांत ती रेंगाळतात. त्यामागच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे कॉर्टिसोल हे संप्रेरक.

मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसोल मेंदूपर्यंत पोहोचते. स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग या जातीची संप्रेरके धरून ठेवतो, हे मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकएवन यांनी १९६८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. खरी गंमत पुढे आहे. तेथे कॉर्टिसोलसाठी दोन प्रकारचे ग्राही, म्हणजे त्याला पकडून पेशीला संदेश देणारे रेणू, असतात. पहिल्याची कॉर्टिसोलला पकडण्याची ताकद दुसऱ्याच्या सुमारे दहापट असल्यामुळे, रात्री रक्तातली पातळी अगदी खाली असतानाही तो बहुतांशी भरलेला असतो. दुसरा मात्र पहाटेच्या उच्चांकाला किंवा ताणाच्या प्रसंगीच भरू लागतो. पहिला भरलेला आणि दुसरा अर्धामुर्धा, अशा अवस्थेत चेतापेशींमधील जोडण्या सहज बळकट होतात. दुसराही दीर्घकाळ काठोकाठ भरलेला राहिला, तर त्याच जोडण्या बळकट होणे अवघड होते. म्हणजे कॉर्टिसोल अजिबात नसणेही स्मृतीला मारकच.

दुसऱ्या ग्राहीकडे आणखी एक काम आहे: कॉर्टिसोल पुरेसे झाले, आता स्राव थांबवा, असा निरोप देणे. नैराश्याच्या अनेक रुग्णांत हा निरोप नीट पोहोचत नाही. रात्री डेक्सामेथासोन हे कॉर्टिसोलसारखे काम करणारे कृत्रिम औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी कॉर्टिसोल घटायला हवे, ते त्यांच्यात घटत नाही, आणि या निरीक्षणावर मानसोपचारतज्ज्ञ बर्नार्ड कॅरोल यांनी १९८१ मध्ये एक चाचणी प्रमाणित केली. तथापि नैराश्य असूनही ज्यांचे कॉर्टिसोल व्यवस्थित घटते असेही रुग्ण पुष्कळ असल्याने, निदानासाठी ती सर्रास वापरली जात नाही. असे असताना ‘कॉर्टिसोल उतरवणारे’ काढे आणि सकाळची पेये विकणाऱ्यांना दर तासाला वरखाली होणारी ही पातळी नेमकी कधी मोजली, हे एकदा विचारायला हरकत नाही.

कुशिंग सिंड्रोम या विकारात कॉर्टिसोल बेसुमार वाढते आणि हिप्पोकॅम्पसचे आकारमान घटते, पण उपचारांनंतर ते काही अंशी भरूनही येते. नैराश्यातही उपचारांदरम्यान ज्यांचे कॉर्टिसोल उतरले, त्यांची स्मृती अधिक सुधारल्याचे आढळले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका छोट्या अभ्यासात पहिल्या ग्राहीला चेतवणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन दिल्यावर रुग्णांची आणि निरोगी व्यक्तींचीही शाब्दिक स्मृती सुधारली, शिवाय कॉर्टिसोलही घटले. मात्र हेच औषध रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम कमी करते, त्यामुळे स्मरणशक्तीसाठी ते मनाने घेण्याजोगे मुळीच नाही.