नेट नसलेल्या कॉम्प्युटरचं घड्याळ

यवतमाळकडच्या एका गावात माझ्या चुलतभावाचं कृषी केंद्र आहे. उधारी, बिलं, साठा असं सगळं तिथल्या विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवर चालतं. त्याला नेट कधीच जोडलेलं नाही. यंदा पेरणीच्या तोंडावर सोयाबीन बियाण्याचं बिल निघालं, तारीख १ जानेवारी २००९. "भाऊ, हे फेकून द्या लागते का आता?"

फेकण्यासारखं काही झालं नव्हतं. मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते, सीआर२०३२. लाइन गेली तरी आतलं घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की कॉम्प्युटर कारखान्यात घालून दिलेल्या तारखेवर जाऊन बसतो. बॅटरी कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते.

नेटवरचा कॉम्प्युटर वेळ विचारून घेतो. याला मात्र आतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकावरच भागवावं लागतं. क्वार्ट्झचा एक इवलासा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, आणि निम्मं करणं हे सर्किटला सगळ्यात सोपं. चिमटा २५ अंशांच्या आसपास नेमका चालतो. तापमान त्याहून वर जावो की खाली, घड्याळ मागेच पडतं, आणि अंतर दुप्पट झालं तर चूक चौपट होते. पत्र्याखालच्या दुकानात मे महिन्यात ४५ अंश झाले, की निव्वळ उन्हापायी दिवसाला सेकंदभर तरी मागे. महिन्याचं अर्धं मिनिट. उधारीवाल्यांना त्याचं काय!

हेच मशीन नेटवर असतं आणि त्याची तारीख २००९ वर अडकली असती, तर बहुतेक वेबसाइट उघडल्याच नसत्या. त्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत त्याच्या लेखी अजून सुरूच झालेली नसते. शिवाय विंडोज ७ च्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या. नेटवर हा धोका रोजचा. दुकानातल्या एकट्या मशीनपर्यंत पोचायला व्हायरसला वाहन लागतं, ते म्हणजे पेनड्राइव्ह. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस नेटपासून तोडलेल्या मशीनमध्ये पेनड्राइव्हवरून शिरेल असाच रचलेला होता.

बॅटरी बदलून झाली, तारीख हाताने घातली. भावाकडे पेनड्राइव्ह एकच आहे. हिशोबाची कॉपी त्याच्यावरच असते, आणि प्रिंट काढायला तोच तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो. उन्हापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती आहे.