मामांचा चुना आणि हळदीचा कागद

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ फिरला. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज ताकातून किंवा वरणातून घ्या. हाडं घट्ट होतात, उंची वाढते, कावीळ पळते, गुडघे कुरकुरायचे थांबतात. पाठवणारे आमचे थोरले मामा. खाली त्यांनी स्वतःची एक ओळ जोडली होती : "आम्ही पन्नास वर्षं खातोय."

मामा चुना खातात हे खरं, पण वरणातून नव्हे. डाव्या तळव्यावर तंबाखूची चिमूट, डबीतून नखावर काढलेला चुना, उजव्या अंगठ्यानं निवांत मळणं, दोन थापा, उडालेली भुकटी, आणि मग खालच्या ओठामागे बार.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे असं काही आलं की आधी हिशेब करायला बसतो. गव्हाचा दाणा साधारण 40 ते 50 मिलिग्रॅमचा. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या 74 भागांत कॅल्शियम 40 भाग. म्हणजे अगदी कोरडा, शुद्ध चुना धरला तरी दाण्यामागे 27 मिलिग्रॅम. डबीतला चुना ओला असतो, तेव्हा त्याहूनही कमी. प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं. शंभर मिलिलिटर दुधात 120 च्या आसपास असतं, आणि मूठभर नाचणी तर दुधालाही मागे टाकते. चुन्यानं उंची वाढली असती, तर आमच्या गावातले निम्मे लोक दारात वाकून आत आले असते.

पण हा चुना तंबाखूला लागला की काय करतो, ही गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडते आणि अभ्यासक्रमात ती नाही. टपरीवर विचारलं तर तीन उत्तरं मिळतात : "चव येते", "तंबाखूची उष्णता मारतो", "किक बसते". तिसरं उत्तर देणारा बरोबर आहे.

निकोटिनच्या रेणूत दोन कडी असतात आणि प्रत्येकीत नायट्रोजनचा एक अणू. त्यातला पाच कोनांच्या कडीतला नायट्रोजन प्रोटॉनचा, म्हणजे हायड्रोजनच्या धन आयनाचा, भुकेला असतो. तंबाखूचं पान मुळात किंचित आंबट, म्हणजे प्रोटॉन भरपूर. त्यामुळे पानातलं बहुतेक सगळं निकोटिन प्रोटॉन कडेवर घेऊन, धनभारित होऊन बसलेलं असतं.

आता झणझणीत रश्श्याची वाटी डोळ्यांसमोर आणा. वर तर्री, खाली पाणी. मीठ कुठे असतं? खालच्या पाण्यात. मिरचीचा लाल रंग कुठे असतो? तर्रीत. मीठ भारित कणांचं असल्यामुळे तेलात जात नाही. मिरचीच्या रंगाला भार नसल्यामुळे तो तेलात सुखानं उतरतो. आपल्या गालाच्या आतल्या पेशींची आवरणं स्निग्ध पदार्थांची, म्हणजे एका अर्थी तर्रीच. भारित निकोटिन मिठासारखं बाहेर अडकतं. प्रोटॉन काढून घेतला, की तेच निकोटिन मिरचीच्या रंगासारखं थेट आत. चुना तो प्रोटॉन काढून घेतो.

किती काढून घेतो, ते मोजता येतं. निकोटिनच्या या नायट्रोजनचा पीकेए जवळपास 8 आहे. म्हणजे सामू (पीएच, आम्ल-अल्कपणाचं माप; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) 8 असेल, तर निम्मे रेणू भारित आणि निम्मे मोकळे. सामू एकानं उतरला, की मोकळे आणि भारित यांचं गुणोत्तर दहापट घटतं. एकानं चढला, की दहापट वाढतं. सामू 6 ला शंभरातला एखादाच रेणू मोकळा, 7 ला नऊ, 8 ला पन्नास, 9 ला एक्क्याण्णव. आपली लाळ साताच्या जरा खालीच असते. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू 12.4. तोंडात तो इतका राहत नाही, पानातली आम्लं आणि लाळ त्याला खाली ओढतात; तरी मळलेली चिमूट आठाच्या पुढे आरामात जाते. तंबाखू तीच, चिमूट तेवढीच, निकोटिनही तेवढंच, पण आत शिरू शकणारा हिस्सा कितीतरी पट वाढलेला.

इथे वर्गातली हुशार मुलं विचारतात, "सर, पण समतोल असतो ना? मोकळे रेणू आत गेले, की भारितांतले काही मोकळे होणारच. मग चुना नसला तरी सगळं कधी ना कधी आत जाईलच." बरोबर आहे. पण तोवर पिंक टाकलेली असते. चुना वेळ वाचवतो, आणि व्यसनात वेळेलाच किंमत. मेंदूला लागणारा झटका निकोटिन किती वेगानं चढतं त्यावर ठरतो. रक्ताचा सामू 7.4, तिथे पोचल्यावर शंभरातले ऐंशी रेणू पुन्हा प्रोटॉन उचलतात आणि परतीची वाट अरुंद होते. ही एकेरी वाहतूक मला इतकी देखणी वाटते, की फळ्यावर काढताना मी तास संपल्याची घंटा विसरतो. इथवर वाचून कंटाळा आला असेल तर माफ करा, वर्गातली शेवटची दोन बाकंही याच ठिकाणी झोपतात.

मळताना नाकात जो झणका जातो, तोही याच रसायनाचा. अमोनियम क्लोराइड आणि विरलेला चुना एकत्र तापवून अमोनिया वायू तयार करण्याचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. तंबाखूत अमोनियमचे क्षार असतात. मामा तोच प्रयोग तळहातावर करतात, फक्त परीक्षानळी नसते.

गंमत म्हणजे ही युक्ती जगात ठिकठिकाणी सापडलेली आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक कोकाची (ज्यातून कोकेन काढतात त्या झुडपाची) पानं चघळताना चुना किंवा राख लावतात. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी निकोटिन असलेल्या रानपाल्यात राख मिसळतात, सुदानात तंबाखूला खार लावतात, अफगाण नसवारीत, म्हणजे तिथल्या तोंडात धरायच्या तंबाखूत, चुना असतो. सामू ही कल्पना मांडली गेली 1909 साली, पण माणसाच्या गालाला ती केव्हाची ठाऊक होती. आपल्याकडे विड्याच्या पानामुळे चुना घरात होताच. पोर्तुगिजांमागून तंबाखू आली (अकबराचा वकील असद बेग यानं ती विजापूरहून त्याच्या दरबारी नेली, ते साल 1604 च्या आसपासचं) आणि तिला चुन्याची तयार डबी मिळाली.

सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून तो तोंडात धरून फारसं काही साधत नाही, छातीत ओढावा लागतो. सिगारचा धूर अल्कधर्मी, त्याचं काम तोंडातच होतं. ई-सिगारेटवाल्यांनी तर उलटी चाल केली : निकोटिनमध्ये मुद्दाम आम्ल घातलं, म्हणजे घशाला खवखव नाही आणि झुरका खोल. भारतात 2019 पासून त्यांच्यावर बंदी आहे.

"आम्ही ओढत नाही, नुसती खातो" हे वाक्य मी लग्नाकार्यात इतक्यांदा ऐकलंय, की ते सात्त्विकपणाचं प्रमाणपत्र असावं असं वाटतं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेताना आढळले, ओढणारे 3.8 टक्के. कर्करोगाचा मुख्य गुन्हेगार निकोटिन नव्हे. पान वाळवताना आणि मुरवताना तयार होणारे नायट्रोसअमाइन हे त्याचे खरे धनी. निकोटिनचं काम हात पुन्हा पुन्हा चंचीकडे वळवण्याचं. शिवाय चुना गालाची त्वचा भाजून काढतो, मग बाकीच्यांना शिरायला सोपं.

मशेरीची तऱ्हा आणखी वेगळी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळी दातांना लावायची. भाजताना बेंझोपायरीनसारखी जळकी विषं वाढतात. "दाताचे किडे मरतात" हे तिचं समर्थन. दातात किडे नसतात, जिवाणू असतात. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन "किडे" पाडून दाखवणारे मी लहानपणी पाहिलेत. युरोपातही खुरासनी ओव्याच्या धुरीचा हाच खेळ चालायचा, आणि तिथे वाटीत पडणारे किडे म्हणजे उष्णतेनं बियांतून बाहेर आलेले अंकुर निघाले. मशेरीनं शौचाला साफ होतं, असंही बायका सांगतात. ते खोटं नाही. निकोटिन आतड्याला चाळवतं. पण ते पोटातल्या बाळापर्यंतही जातं. मुंबईत झालेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली.

ग्रुपवर मी हे काही लिहिलं नाही. तिथे कॅल्शियमचा हिशेब टाकला असता, तर उत्तरादाखल हात जोडल्याची तीन चित्रं आली असती. दिवाळीत मामांकडे गेलो तेव्हा वहीचा कोरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला. हळद साधारण साडेसात ते साडेआठ सामूच्या पट्ट्यात पिवळ्याची लाल होते. निकोटिन आपला प्रोटॉन सोडतं ते याच पट्ट्यात. म्हणजे घरची हळद सांगू शकते, की चिमटीतलं निकोटिन बांधलेलं आहे की सुटलेलं.

मामांची कोरी तंबाखू चमचाभर पाण्यात भिजवली, थेंब कागदावर टाकला. तपकिरी डाग पडला, भोवती पिवळं ते पिवळंच. मग त्यांना म्हटलं, "मामा, आता तुम्ही नेहमीसारखी मळून द्या." त्यांनी मळली, थापा मारल्या, सवयीनं ओठाकडे नेली आणि आठवण होऊन माझ्यापुढे धरली. भिजवली. थेंब टाकला. कागद लालभडक.

मामांनी चष्मा वर करून पाहिलं. "अरे, हे तर कुंकू झालं."

"कुंकूच आहे," मी म्हटलं. "हळद आणि चुना."

मामी आतून म्हणाल्या, "मग लावा कपाळाला. तोंडात कशाला घालताय?"