टॅब आणि फॅब: पट्टीतल्या मधल्या प्लसचा घोळ

मोबाइल अ‍ॅपच्या खालच्या पट्टीतले टॅब कसे चालतात हे नव्याने सांगायला नको. तीन ते पाच आयकॉन, दाबला की तो विभाग उघडतो, आपण जिथे असू तो ठळक दिसतो. घोळ होतो तो फ्लोटिंग अ‍ॅक्शन बटणाचा, म्हणजे फॅबचा. गूगलने २०१४ मध्ये मटेरियल डिझाइन, म्हणजे अ‍ॅप कसं दिसावं-चालावं याची नियमावली आणली, त्यातून हे तरंगतं गोल बटण, बहुतेकदा प्लसचं चिन्ह असलेलं, सगळीकडे पोचलं. जीमेलमधलं 'कंपोझ' हे त्याचं रोजच्या पाहण्यातलं उदाहरण. टॅब आणि फॅब दोन्ही स्क्रीनच्या तळाशी, दोन्ही अंगठ्याच्या टप्प्यात, त्यामुळे डिझाइनच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, "प्लस पट्टीतच मधोमध बसवू, एक टॅब समजायचा." तो टॅब नाही. तसा समजून बांधला की अ‍ॅप बिघडतं.

गोल की चौकोनी, सावली किती, रंग कोणता, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ते सगळं दुय्यम. खरा प्रश्न एकच: बटण दाबल्यावर माणूस कुठे जातो, की काही करायला घेतो? टॅब ही जागा आहे. तिथे हवं तितका वेळ थांबता येतं, मध्येच उठून दुसरीकडे जाता येतं, परत आलं की सगळं जिथल्या तिथे मिळतं. फॅब हे काम आहे. त्याला सुरुवात असते आणि शेवट असतो: जतन किंवा रद्द. काम संपलं की माणूस जिथून निघाला तिथेच परत यायला हवा.

किराणा दुकानातल्या उधारीच्या अ‍ॅपचं उदाहरण घ्या. पट्टीत 'ग्राहक', 'हिशोब', मध्ये प्लस, मग 'अहवाल'. दुकानदार प्लस दाबतो, ४५० रुपये टाकतो आणि मागची बाकी बघायला 'ग्राहक'वर जातो. प्लस टॅब म्हणून बांधलेला असेल तर फॉर्मखाली पट्टी तशीच उघडी असते. अर्धी नोंद टाकून एका टिचकीत तो बाहेर पडतो, कुणी त्याला विचारतही नाही. परत आल्यावर दोनच शक्यता. फॉर्म कोरा, म्हणजे लिहिलेलं गेलं. किंवा जुने ४५० तसेच, आणि आता समोर उभ्या असलेल्या दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या नावावर ते चढायची भीती. नोंद नीट जतन झाली तरी सुटका नाही. टॅब तिथेच राहतो, समोर पुन्हा रिकामा फॉर्म. नोंद झाली की नाही ते कळत नाही, म्हणून तो तीच रक्कम पुन्हा टाकतो. उधारी दुप्पट, आणि भांडण गिऱ्हाइकाशी.

हेच काम म्हणून बांधा. फॉर्म पूर्ण स्क्रीन व्यापतो, पट्टी झाकली जाते, वर फुली आणि 'जतन करा'. मागची बाकी फॉर्ममध्येच नावाखाली दाखवा, म्हणजे बाहेर जायची गरजच उरत नाही. अर्ध्यात मागे फिरला तर अ‍ॅप विचारतं. जतन झालं की आधीचीच यादी दिसते आणि नवी नोंद सगळ्यात वर.

म्हणजे प्लस पट्टीत कधीच नको का? चालतो, पण त्याने टॅब असल्याचं भासवू नये. दाबल्यावर तो 'निवडलेला' दिसता कामा नये, आणि स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीने, त्याला 'टॅब' न म्हणता 'बटण' म्हणावं. हे दुसरं बहुतेक टीम तपासतच नाहीत, आणि न बघता फोन वापरणाऱ्याला नेमका तोच एक शब्द आधार असतो. जागेच्या सवयीचाही विचार करा. इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०२० मध्ये मधला प्लस वर नेला आणि त्याच्या जागी रील्सचा टॅब आणला. पोस्ट टाकायला गेलेला अंगठा रील्सवर पडू लागला, लोक वैतागले. २०२३ मध्ये प्लस पुन्हा मध्ये आला. कामाच्या जागी ठिकाण ठेवलं की असं होतं.

माझं मत विचाराल तर फॅब पट्टीबाहेर, उजव्या कोपऱ्यात, आणि एका स्क्रीनवर एकच. दाबल्यावर सहा छोटी बटणं फुलवणारा फॅब मला अजिबात मान्य नाही. मुख्य काम कोणतं ते टीमने ठरवलं नाही, एवढंच त्यातून दिसतं. डिलीट तर फॅबवर कधीच नको. नुसत्या पेन्सिलीच्या चित्रापेक्षा शेजारी 'नवी नोंद' असं लिहिलेलं केव्हाही बरं.

आणि यादीच्या शेवटच्या ओळीवर बसणारा फॅब! नेमकी उजवीकडची रक्कम झाकली जाते आणि यादी आणखी वर सरकत नाही. फॅब ५६ डीपी (डीपी म्हणजे अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक), वर-खाली १६-१६ डीपी मोकळे, म्हणून यादीच्या तळाशी ८८ डीपी रिकामी जागा सोडा. पाच मिनिटांचं काम आहे.