डग्लस बाडर यांचे पाय युद्धात गेले नव्हते
ब्रिटिश लढाऊ वैमानिक डग्लस बाडर यांनी जर्मनव्याप्त फ्रान्सवरील हवाई लढाईत दोन्ही पाय गमावले, असे आजही सांगितले जाते. ते खरे नाही. पाय गेले ते १४ डिसेंबर १९३१ रोजी, इंग्लंडमधील वुडली येथे जमिनीलगत कसरती करताना झालेल्या अपघातात. १९४१ मधील फ्रान्सवरील मोहिमा त्यांनी कृत्रिम पायांनिशीच केल्या. ९ ऑगस्टला कोसळत्या स्पिटफायरमधून बाहेर पडताना उजवा कृत्रिम पाय आत अडकून तुटला आणि ते हवाई छत्रीने उतरून कैद झाले. गैरसमजाचे मूळ बहुधा इथेच असावे. नवा पाय आणणाऱ्या विमानाला जर्मनांनी सुरक्षित मार्ग देऊ केला, परंतु ब्रिटिशांनी तो नाकारून बॉम्बफेकीच्या मोहिमेतच पाय खाली सोडला.