उजेडाची वाटणी: मोतीबिंदूची लेन्स निवडताना

केज तालुक्यातल्या आमच्या मामांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची भीती वाटली नाही. ते अडकले लेन्सच्या दरपत्रकापाशी. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "काका, मल्टिफोकल टाका, चष्म्याची कटकटच मिटते." बाहेर आल्यावर मामांनी मला विचारलं, "महागाची हाय म्हणजे चांगलीच असंल की?"

डोळ्यातलं आपलं मूळ भिंग तरुणपणी लवचीक असतं. जवळचं बघताना ते फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं. चाळिशीनंतर ते ताठरतं आणि पुढे कधीतरी गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ते ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात आणि त्याच्याच पातळ पिशवीत घडी केलेली कृत्रिम लेन्स उलगडतात. ही लेन्स फुगत नाही. म्हणून साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. बहुतेक वेळा ती लांबच्या नजरेसाठी बसवतात आणि वाचायला चष्मा लागतो. लंडनमध्ये १९४९ साली हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली, तीही एकाच अंतराची होती. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे कण डोळा निमूटपणे सोसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी लेन्ससाठी तेच प्लास्टिक निवडलं.

आता मल्टिफोकलचं, म्हणजे एकाहून जास्त अंतरांवर दाखवणाऱ्या लेन्सचं बघू. तिच्या पृष्ठभागावर एकात एक गोल कडी कोरलेली असतात, त्यांच्या पायऱ्या केसाहून कितीतरी बारीक. या कड्यांवरून वळलेला उजेड काही लांबच्या प्रतिमेसाठी जातो, काही जवळच्या. मामांना मी शेताला पाणी नेणाऱ्या चारीचं उदाहरण दिलं. चारीला पाणी तेवढंच येतं. एकाच वाफ्याचं दार धरलं तर तो तुडुंब भरतो, दोन वाफ्यांना सोडलं तर दोघांच्या वाट्याला कमी येतं आणि थोडं मधेच झिरपतं. दोन अंतरांच्या नेहमीच्या लेन्सचा हिशोब साधारण असाच आहे: सुमारे ४१ टक्के उजेड लांबच्या प्रतिमेला, तेवढाच जवळच्या प्रतिमेला आणि उरलेला जवळपास १८ टक्के कुठल्याच कामाचा नाही. तीन अंतरांच्या ट्रायफोकलमध्ये वाटेकरी आणखी एक वाढतो.

दिवसाउजेडी ही वाटणी फारशी जाणवत नाही, कारण उन्हाला तोटा नाही. प्रश्न येतो रात्री. समोरून मोटारसायकल येते. तिच्या दिव्याचा एक ठिपका डोळ्यामागच्या पडद्यावर नेमका उमटतो, पण जवळच्या नजरेसाठी राखलेला उजेड त्याच ठिपक्याभोवती पसरतो आणि दिव्याला कडं दिसतं. मेंदू हे कडं काही महिन्यांत बऱ्यापैकी दुर्लक्षित करायला शिकतो. काहींना मात्र ते शेवटपर्यंत खटकतं. आणखी एक उणीव लोकांना आधी सांगितलीच जात नाही. सारख्या रंगाच्या दोन गोष्टींतला फरक, ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, तो अंधुक उजेडात कमी कळतो.

मामांच्या बाबतीत मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्यांच्या डीपीवर, म्हणजे शेतीच्या ट्रान्सफॉर्मरवर, आठवड्यातले काही दिवस लाईट रात्रीची असते. बाराला पाण्याची मोटार चालू करायची आणि बॅटरी घेऊन बांधाने जायचं. करड्या मातीवर पडलेली करडी घोणस वेळेत दिसणं हे त्यांच्यासाठी पेपर बिनचष्म्याचा वाचण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. ऊसतोडीच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, ते वेगळंच.

उलट लातूरच्या आमच्या आत्या. निवृत्त शिक्षिका, गाडी चालवत नाहीत, रोज पहाटे पोथी, दुपारी तांदूळ निवडणं, मोबाईलवर नातवंडं. सारखा चष्मा शोधायचा त्यांना मनापासून कंटाळा. त्यांचा पडदा निरोगी निघाला आणि मल्टिफोकल त्यांना छान मानवली. दिव्यांभोवती कडी दिसतात, पण त्या म्हणतात, "दिसू देत."

पडदा निरोगी निघणं ही अट मात्र पक्की. मधुमेहाने पडदा बिघडला असेल, काचबिंदू असेल, बुबुळावर जुना डाग असेल, तर आधीच कमी पोचणारा उजेड आणखी वाटून घेण्यात शहाणपण नाही. डोळ्यांचा कोरडेपणाही आधी बरा करावा लागतो, नाहीतर मापच चुकतं. मापाला इथे फार किंमत आहे. डोळ्याची लांबी एका मिलिमीटरने चुकली तर नंबर अडीच-तीनने हुकतो, आणि मल्टिफोकलला थोडी चूकही सोसत नाही. म्हणूनच "पिकू द्या अजून" हा सल्ला मला पटत नाही. फार पिकलेल्या मोतीबिंदूतून लांबी मोजणारा किरण पलीकडे जात नाही आणि डॉक्टरांना पडदाही नीट दिसत नाही.

मधली वाटही आहे. दोन्ही डोळ्यांत साधीच लेन्स, पण एक लांबसाठी आणि दुसरी जरा जवळसाठी. ही सवय जमेल का, हे काहींना आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून तपासता येतं. बुबुळाच्या वाकड्या नंबरासाठी टॉरिक लेन्स असते, पण तो वेगळा प्रश्न. तिने चष्मा सुटतोच असं नाही.

मामांनी डॉक्टरांना रात्रीच्या लाईटचं सगळं सांगितलं आणि दोन्ही डोळ्यांत साधी, लांबची लेन्स घेतली. महिनाभर त्यांना मळ्यात जाऊ दिलं नाही. आता ते पुन्हा दारं धरतात. वाचायचा चष्मा बंडीच्या खिशात असतो, कारखान्याची पावती आली की तेवढा काढतात.